पाइपाच्या तोंडाशी

आमचे घरमालक दार वाजवायचे नाहीत. सकाळी सात वाजता, माझ्या तोंडात ब्रश असताना, ते थेट मागच्या खोलीत यायचे आणि उजवा हात उलटा करून माझ्या ड्रायरच्या पाठीला लावायचे. मग भिंतीला. मग स्विचच्या पाटीला. मग भिंतीतून बाहेर जाणाऱ्या पत्र्याच्या पाइपाला, इंच इंच पुढे सरकत, तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसे. डोळे मिटलेले. तेवढा वेळ मी तोंडातला फेस सांभाळत उभी. काही बोलायला गेलं तर दुसरा हात वर करून मला गप्प करायचे.

"थांब वं. ऐकून राहिलो."

हाताने ऐकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. हात उलटाच का, हेही त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "सुलट्या हातानं करंटाची वस्तू धरली त हात तिले चिपकते. उलट्या हाताले लागलं त हात मांगं येते. हातापरस जीव मोठा आहे का नाही?"

हे शहराबाहेरच्या वाडीतलं. अमरावती रोडच्या कडेला ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं आहेत, त्यांच्या मागच्या गल्लीत या घरमालकांचं, म्हणजे काकांचं घर. खाली आम्ही भाड्याने, वर ते आणि काकू. माझा नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी घरीच धुलाईचं काम करायचे. दोन लहान दवाखान्यांच्या चादरी आणि एका ब्यूटी पार्लरचे टॉवेल. आधी नुसतं वॉशिंग मशीन होतं. पावसाळ्यात चादरी वाळेनात आणि दवाखानेवाले ओरडायला लागले, तेव्हा मोठ्या पोटाचा एक जुना ड्रायर आणला. त्यावर माझं काम उभं राहिलं आणि त्याच दिवसापासून काकांची झोप उडाली.

ड्रायर आला तेव्हाच ते "नाही" म्हणाले होते. टेम्पो दारात उभा, मशीन अर्धं खाली, आणि हे फाटकात आडवे. "माह्या घरात भट्टी नोको." मी हात जोडले, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. शेवटी वरच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, "राहू द्या ना! बाईमाणूस काम करून राहिली, तिच्या पोटावर काहून पाय देता?" काका फाटकातून बाजूला झाले. बायकोचा शब्द त्यांनी खाली पडू दिला असं मी कधी पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा उलटा हात हजर झाला.

त्यांची उभी हयात खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यापाशी गेली. काम काय, तर पट्ट्याखाली साचणारी बुकणी झाडायची आणि दुसऱ्यांकडून झाडून घ्यायची. मी एकदा चिडून विचारलं, "एवढं झाडलंत, तिथं कधी काही झालं होतं का?"

"नाही झालं."

"मग?"

"मंग काय मंग? झाडलं म्हणून नाही झालं. झालं असतं त तू म्हनली असती, काहून नाही झाडलं."

या बोलण्यापुढे वाद घालणं म्हणजे गाढवापुढे गीता वाचणं. गाढव कोण, हे तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं. आता तेवढी खात्री नाही.

ड्रायरमध्ये कपडे फिरतात तेव्हा त्यांचं बारीक सूत सुटतं. बरंचसं आतल्या जाळीत अडकतं, पण सगळं नाही. उरलेलं गरम हवेबरोबर पाइपात जातं आणि तिथे थरावर थर बसतं. काका त्याला रुई म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. दर खेपेनंतर जाळी काढायची, दर रविवारी पाइप सोडवून आतून ब्रश फिरवायचा, हा त्यांचा हुकूम. बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून त्यांनी बाटल्या धुवायचे चार ब्रश आणले, ते एका लांब बांबूला सुतळीने बांधले आणि ते हत्यार माझ्या मागच्या खोलीत आणून उभं केलं. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "हे काय वं?" मी म्हणायचे, मालकाची काठी आहे.

जमलेली रुई ते टाकून देत नसत. तुपाच्या रिकाम्या डब्यात दाबून ठेवायचे. एकदा मी जाळी तशीच ठेवून दुसरी खेप लावली, आणि हे त्यांना कसं कळलं देव जाणे. डबा घेऊन खाली आले, अंगणात परात पालथी घातली, तिच्यावर चिमूटभर रुई ठेवली आणि मला म्हणाले, "श्वास सोड." मी सोडला. त्यांनी काडी लावली. रुई नव्हतीच, असं झालं. माझा श्वास अजून पुरता सुटला नव्हता.

"कोळसा सांगून पेटते," ते म्हणाले. "आधी तापते, वास देते, धूर देते. माणसाले वेळ देते. रुई कोणाले सांगत नाही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आणि झोप लागली नाही म्हणून सकाळी मी त्यांच्यावर आणखी चिडले. खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो तो असा.

टॉवेल तर ते नाकाने तपासायचे. पार्लरच्या गठ्ठ्यातून एकेक टॉवेल उचलायचे आणि हुंगायचे. तेलाचा वास आला की बाजूला. "हा दोनदा धू. तेल राहिलं त गरमच घडी करून ठेवशीन आणि हा तुह्या मांगं पेटन." पार्लरची बाई एकदा टॉवेल घ्यायला आली असताना हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बनियनवर बसून तिच्या टॉवेलांचा वास घेत होते. ती बाई नंतर पंधरा दिवस फिरकली नाही. मी नवं मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा काका हट्टाने माझ्याबरोबर बर्डीला आले. शोरूमच्या चकचकीत फरशीवर गुडघे टेकून मशीनच्या मागे डोकं घातलं आणि विक्रेत्याला विचारलं, "याचं तोंड कुठी आहे?"

"काकाजी, इसमें पाइप नहीं होता. अंदर का अंदर पानी बन जाता है."

काका उठले, गुडघे झटकले आणि मला म्हणाले, "श्वास घेते अन् सोडत नाही. चाल घरी." सगळं शोरूम आमच्याकडे पाहत होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता वरच्या मजल्याविषयी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काकूंना अर्धांगाचा झटका आला होता, आम्ही राहायला येण्याच्या चार वर्षं आधी. उजवी बाजू पार गेली, पण बोलणं साफ होतं आणि डोकं काकांपेक्षा साफ. वर जायला अंगणातून लोखंडी गोल जिना. नोकरीत असताना वरचा मजला बांधला तेव्हा जागा वाचावी म्हणून तो काकांनीच पसंत केला होता. एका माणसाला उतरायचं तर खांदा तिरपा करावा लागे. दवाखान्यातून काकूंना परत आणलं तेव्हा चार माणसांनी खुर्चीला बांधून वर चढवलं, तेही दोनदा हातातून सुटता सुटता. त्यानंतर त्या कधी खाली आल्या नाहीत. मी एकदा म्हटलं होतं, "काकू, तुम्ही खाली राहा ना, आम्ही वर जातो." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. पलंग खिडकीला लागून होता आणि तिथून अमरावती रोड दिसायचा, दिवसभर ट्रक जातात तो. "वरून मले दुनिया दिसते. खाली काय दिसते? कंपाउंडची भित. भित पाहत मराचं का मी?"

काका असे वागायचे ते त्यामुळे, हे मला दिसायला हवं होतं. नाही दिसलं. मला एवढंच दिसायचं की हा माणूस रोज माझ्या घरात घुसतो, माझ्या कामावर विश्वास ठेवत नाही, आणि पावणेपाऊणशे वर्षांचा होऊनही त्याला बाईमाणसाच्या खोलीत शिरताना खाकरायचं सुचत नाही. एका जूनमध्ये माझं डोकं फिरलं. मी अंघोळ करून केस झटकत मागच्या खोलीत आले तर हे तिथे पाइपाला हात लावून उभे. मी त्यांना काही बोलले नाही. त्यांच्या पुण्यातल्या मुलाला फोन केला आणि नको ते सगळं बोलले.

मुलाने बापाला काय सुनावलं ते मला माहीत नाही. फोन चालू असताना वरून एवढंच ऐकू आलं, "हो गा. नाही जात. नाही जात म्हनलं ना." त्या दिवसापासून ते आले नाहीत. अंगणात उभे राहून, भिंतीबाहेर निघालेल्या पाइपाच्या तोंडासमोर हात धरायचे तेवढंच. हवा नीट येते का पाहायचे आणि मान खाली घालून वर जायचे. मी जिंकले होते. जाळी मनात आलं तर मी काढायचे, नाही तर नाही. बांबू कोपऱ्यात पडून होता.

जुलैत झड लागली. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की घरोघर एकच काम निघतं, खिडकीतल्या कूलरला ताडपत्री बांधायची. कूलर काढून आत ठेवतो कोण? तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतो, गुंडाळलेला. माझा कूलर मागच्या खोलीच्या खिडकीत, आणि त्याच्या बाजूलाच, हातभर अंतरावर, ड्रायरच्या पाइपाचं तोंड. नवरा बाहेरगावी होता. मी पावसात भिजत एकटीने ताडपत्री टाकली, वारं फार होतं म्हणून जास्तीची ओढून घेतली, भिंतीला चापून बसवली आणि दोरी आवळली. पाइप मनातही आला नाही.

तीन दिवस काकूंना ताप होता. काका त्यांच्याजवळून हलले नाहीत, अंगणातही उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी वरून त्यांनी आवाज दिला. मुलाला दिलेला शब्द, म्हणून जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच.

"बाई, ताडपत्री बांधली का कूलरले?"

"हो."

"पाइपाचं तोंड मोकळं आहे ना?"

मी चादरींच्या घड्या घालत होते. उठून चार पावलं जायचं होतं. "आहे, आहे," मी म्हणाले. पाहिलं नाही.

दोन दिवस चादरींना जास्त वेळ लागतच होता, त्या दिवशी तर वाळेचनात. एरवी पाऊण तासात व्हायच्या, त्या तासाभरानंतरही दमट. हवाच ओली आहे म्हटलं आणि पुन्हा बटण दाबलं. मशीनच्या पाठीवर हात ठेवायची मला सवय नव्हती, त्यासाठी एक माणूस होता आणि त्याला मी हाकलला होता. थोड्या वेळाने वास आला, इस्त्री कापडावर विसरल्यासारखा. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पाहून आले. परत येते तर मशीनच्या मागून धूर निघत होता, दाट, पिवळट, आणि पाइपाच्या आत काहीतरी फडफडत होतं.

माझा हात पहिला कुठे गेला सांगू? मशीनच्या दारावर. आत दवाखान्याच्या बारा चादरी होत्या. कडी धरली तोच माझ्या मनगटावर तीच मालकाची काठी बसली. अशी सणसणीत की हात सुन्न झाला.

"दरवाजा उघडू नोको!" काका होते. लुंगी, बनियन, पाय अनवाणी. तो जिना ते एवढ्या झटक्यात कसे उतरले होते कोण जाणे. "उघडला त हवा जाईन! मेन पाड! आधी मेन पाड!"

मी मेन स्विच खाली केला. मशीन गरगरत थांबलं. आणि ते थांबल्यावर बाहेरचा आवाज ऐकू आला. खिडकीबाहेर ताडपत्री वितळत होती, आणि तिच्या खाली कूलरच्या ताट्यांमधलं लाकडी गवत, तीन दिवस पावसापासून मीच जपून कोरडं ठेवलेलं, धुमसत होतं. ती खिडकी बरोबर काकूंच्या खिडकीखाली होती.

काकांनी एकदा वर पाहिलं. मी त्यांचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. वाटलं, आता हे वर पळतील. ते पळाले नाहीत.

"तू वर जा. तिच्यापाशी बस. फायर ब्रिगेडले फोन तिथूनच लाव."

"काका, तुम्ही जा, मी..."

"तुले काय माहीत आहे इथलं? जा म्हनलं ना!"

मी जिना चढले. खोलीत धूर भरायला लागला होता. फोन लावला, पत्ता सांगितला, दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा मला गल्लीचं नाव आठवेना. मग काकूंच्या काखेत हात घातले आणि ओढलं. त्या हलल्या नाहीत. पुन्हा ओढलं. निर्जीव बाजू किती जड असते ते ज्यानं उचललंय त्यालाच कळेल. उशी खाली पडली, चादर निघाली, काकू जागच्या जागी.

"काहून ओढून राहिली मले?" त्या म्हणाल्या. खोकत होत्या, पण आवाज रोजचाच. "खिडकी लाव आधी."

ती खिडकी त्यांनी आपणहून लावायला सांगितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. लावली, फटीत ओला टॉवेल कोंबला.

"आता तू जाय खाली. तुह्या एकटीनं मी त्या जिन्यातून उतरत नाही, तुले काय दिसत नाही का? दोघी कायले मराच्या?"

"मी नाही जात," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

"रडाले काय झालं वं? येत नाही आग वर." काकूंनी डाव्या हाताने माझा हात धरला. "ह्यायनं मले कबूल केलं आहे. मी म्हनलं, मी खाली येनार नाही. त म्हने, बरं, तू नोको येऊ. मंग आगीले मी वर येऊ देनार नाही. म्हणून त रोज जात होते ना हे तुह्या घरात. तुले नाही सांगतलं?"

कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आम्ही दोघी हात धरून बसलो. खालून पत्रा ओढल्याचा आवाज, काकांचं खोकणं, मग अंगणातली वाळू फेकल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. त्या शांततेत मी जेवढी घाबरले तेवढी आगीतही घाबरले नव्हते. काकू दरवाजाकडे पाहत होत्या. माझा हात त्यांनी आणखी घट्ट धरला.

मग खालून हाक आली. काकूंना, मला नाही. "काय करून राहिली वं?"

"बसली आहे," काकू म्हणाल्या. "कुठी जातो मी?"

बंबवाले आले तोवर काकांनी जळक्या ताट्या अंगणात ओढून पावसात टाकल्या होत्या, पाइप भिंतीपासून तोडला होता आणि त्याच्या तोंडात वाळू भरली होती. मशीनच्या आतली आग हवा न मिळाल्याने आपोआप विझली. त्यांच्या दोन्ही हातांना फोड आले होते, उलट्या बाजूलाही आणि सुलट्याही. मी बर्नॉल लावायला बसले. मला वाटलं, आता बोलतील. चार लोकांसमोर माझी अब्रू काढली असती तरी मी मान खाली घालून ऐकलं असतं.

"तोंड मोकळं आहे म्हनली होती तू," ते म्हणाले.

"मी पाहिलं नव्हतं, काका."

"हं." त्यांनी दुसरा हात पुढे केला. "पाहत जाय."

एवढंच. पुण्याला फोन नाही, घर खाली करायचा विषय नाही. त्या "पाहत जाय"ची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "काका, या ना." ते आले. दारात थांबले आणि खाकरले.

पुढे दोन वर्षं आम्ही दोघं मिळून पाइप पाहायचो. कूलर दुसऱ्या खिडकीत नेला. त्यांनी मला हाताने ऐकायला शिकवलं. हवा जोरात येते की नुसती येते, पत्रा एकसारखा गरम आहे की एकाच जागी, हे मला कळायला लागलं. चुकले की "तुले बुद्धी केव्हा येईन?" आणि नाही चुकले की काहीच नाही. मी रुई काढायचे, ते डब्यात दाबायचे, आणि वरून काकू विचारायच्या, "झालं का?" काका ओरडून सांगायचे, "झालं! झोप तू!"

काकू गेल्या त्या फेब्रुवारीत, दुपारी, खिडकीकडे तोंड करून. आगीशी, धुराशी काही संबंध नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांना खाली आणायला पाच माणसं लागली. वळणावर तिरडी बसेना, तेव्हा चादरीत बांधून उभंच उतरवावं लागलं. काका पुढे होते, उलटे उतरत होते, एकेक पायरी पायाने चाचपत, दोन्ही हात काकूंकडे पसरून. "हळू गा. हळू. तिले लागन." एवढंच म्हणत होते.

तेरवी झाली. मुलगा पुण्याला गेला, बापाला चला म्हणाला, बाप गेला नाही. मी काम पुन्हा सुरू केलं. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले, सकाळी सातला कोणी खाकरलं नाही. पाचव्या दिवशी मी वर गेले. काका काकूंच्या पलंगाच्या काठावर बसले होते, हात मांडीवर, दोन्ही सुलटे.

"काका, मशीन सुरू केलं ना मी. पाइप पाहायला आला नाहीत?"

"तुले येते आता पाहता."

"येतं. पण तुम्ही काहून नाही येत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी अगदीच वेड्यासारखं विचारल्यासारखं.

"आता कायले? वर मी एकटाच आहे. मले उतरता येते जिना."